मखराचा वज्रलेप

भाद्रपद जवळ आला की आमच्या लहानपणी घरोघरी पुठ्ठे आणि रंगीत कागद यांची जमवाजमव सुरू होई, आणि गव्हाच्या पिठाची खळ शिजविण्याचा मान आजीकडे असे. आज त्या पातेल्याची जागा विजेवर तापणाऱ्या एका लहानशा पिस्तुलाने घेतली आहे. मुले त्यास ग्लू गन म्हणतात.

गतवर्षी कीर्तनानिमित्त मी रामटेकहून कळमन्यास एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. बाजाराचे आवार जवळच. त्यामुळे फळांची रिकामी खोकी हवी तितकी. 2018 साली शासनाने थर्माकोलच्या सजावटीस बंदी केल्यापासून पुठ्ठ्याचे भाग्य उजळले आहे. यजमानांच्या नातीने त्या खोक्यांतून शिखर, कळस, कमानी असे देवालयच उभे केले होते. मागून कांडी सारावी, चाप ओढावा, टोकातून मधासारखी धार उतरावी, आणि मिनिटभरात सांधा पक्का!

यजमानीणबाई मात्र साशंक होत्या. सुताराचा सरस जनावरांच्या हाडाकातड्यांचा असतो; मग हा डिंक कशाचा? शंका रास्त होती. चौकशीअंती कळले की कांडीतील मुख्य द्रव्य एथिलीन-व्हायनिल ॲसिटेट, म्हणजे खनिज तेलापासून केलेले एक प्लॅस्टिक. त्यात राळेसारखे चिकट द्रव्य आणि मेण मिसळतात. त्यास पाणी लागत नाही. तापले की वितळते, निवले की घट्ट होते. लाखेचा धर्म तो हाच. पांडवांसाठी रचलेल्या लाक्षागृहातील ती लाख आपल्या विदर्भातील पळसावरही होते.

मला वराहमिहिर आठवला. त्याच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले, वेखंड इत्यादींचा काढा अष्टमांश आटवावा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल घालावे, आणि तो लेप तापलेला असतानाच प्रासादास व मूर्तीस द्यावा, असे तो सांगतो. हा लेप एक कोटी वर्षे टिकतो, असेही त्याचे म्हणणे! त्याच अध्यायात शिंगे, केस व कातडे घातलेला आणखी एक लेप आहे. तो मी यजमानीणबाईंना सांगितला नाही.

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती आणताना मात्र श्रींच्या उजव्या हाताचे बोट दुखावले. शाडूची मूर्ती; घरात सारे स्तब्ध. धाकटा नातू पिस्तूल घेऊन धावला. मी त्यास थांबविले. प्राणप्रतिष्ठा व्हावयाची होती, तेव्हा दोषाचा प्रश्न नव्हता. परंतु भुरभुरत्या मातीवर हा डिंक नीट धरत नाही, आणि विसर्जनानंतर माती विरघळते, प्लॅस्टिकचा थेंब पाण्यात तसाच राहतो. मूर्ती पुन्हा चितार ओळीत नेली. मूर्तिकाराने ओल्या शाडूने बोट सांधले, रंगाचा हात दिला आणि पैसे घेतले नाहीत. मध्याह्नाच्या आत प्रतिष्ठापना झाली.

सायंकाळी आरतीच्या वेळी दुसरा प्रसंग. समया कमानीस अगदी खेटून ठेवल्या होत्या. तासाभराच्या उष्णतेने डिंक मऊ झाला आणि कमान ज्योतीकडे कलू लागली. यजमानांनी ती वरच्यावर धरली म्हणून बरे. कोरडा पुठ्ठा पेटावयास कितीसा वेळ लागतो? मग समया दूर नेल्या, पुठ्ठ्यास खाचा पाडून तुकडे एकमेकांत अडकविले आणि कोपरे सुतळीने शिवले. डिंकाने आधार द्यावा. भार त्याच्यावर टाकू नये. धातूच्या कळसावर तर तो लावताच गारठतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो.

गृहिणींस एक सांगणे. हा डिंक साधारण 120 ते 200 अंश तापतो आणि त्वचेस चिकटून बसतो. नातीच्या अंगठ्यावर थेंब पडला तेव्हा ती तो ओढून काढू पाहत होती. तसे केल्यास कातडीही निघते. बोट प्रथम नळाच्या गार धारेखाली वीस मिनिटे धरावे. बर्फ, हळद, तूप काही लावू नये. डिंक सहज सुटला नाही किंवा मोठा फोड आला तर डॉक्टर गाठावा. पिस्तूल त्याच्या टेकूवर उभे ठेवावे आणि जागेवरून उठताना वीज बंद करावी.

अनंत चतुर्दशीनंतर स्नेह्यांचा फोन आला. मूर्तीचे विसर्जन घरच्याच हौदात झाले, माती तुळशीच्या कुंडीत घातली. मखर सुटे करून माळ्यावर ठेवले आहे. यंदा त्यास फक्त नवा कागद लावावयाचा आहे.