एकटे निजण्याचे भय: समज आणि गैरसमज

यजमान परगावी गेले, मुले नोकरीनिमित्त दूर राहू लागली, अथवा उतारवयात रिकाम्या घरात राहण्याचा प्रसंग आला, म्हणजे दिवसा सारा कारभार निर्धास्तपणे उरकणारी प्रौढ माणसेही दिवेलागणीनंतर अस्वस्थ होऊ लागतात; आणि ही गोष्ट संकोचापोटी कोणाजवळ बोलली जात नसल्यामुळे तिच्याविषयीच्या चुकीच्या समजुती बिनहरकत नांदत राहतात.

हे भय म्हणजे भित्रेपणा, हा त्यांपैकी सर्वांत प्रचलित समज. वस्तुस्थिती अशी की मनुष्य हा दृष्टीवर विसंबणारा, दिवसा वावरणारा प्राणी असून, एकाएकी मोठा आवाज झाला असता तो उजेडापेक्षा अंधारात अधिक जोराने दचकतो, असे प्रयोगांत दिसून आलेले आहे. डोळ्यांचा पहारा उठला की सारी भिस्त कानांवर येते, आणि कानांना तर रात्री ऐकण्यासारखे पुष्कळ असते. दिवसभर तापलेला तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा वीस अंशांनी निवला, तर सुमारे पाऊण मिलिमीटर आकसतो, आणि खिळ्यापाशी अडकून सुटताना कडकन वाजतो. माडीवर कोणी चालते आहे असे वाटायला लाकडी तुळयांचे तसेच आकसणे पुरेसे होते. शिवाय निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड व तिच्यावरची उबदार राहिल्यामुळे ध्वनी खाली वळतो आणि लांबच्या वाडीवरचे बोलणे अंगणात आल्यासारखे ऐकू येते. ऐकणाऱ्याचे कान खोटे बोलत नसतात. चुकतो तो त्यांवरून काढलेला निष्कर्ष.

छातीवर समंध बसतो, ही समजूत मात्र अधिक विस्ताराने पाहण्याजोगी आहे, कारण ज्याने तो अनुभव घेतला त्याची कैफियत सर्वस्वी खरी असते: जाग आलेली आहे, खोली दिसते आहे, कोणीतरी जवळ उभे असल्याची खात्री वाटते आहे, आणि बोटही हलवता येत नाही. 1953 साली शिकागो येथे असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी निद्रेतील एका विशिष्ट अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, जीत बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरत असतात. बहुतेक ठळक स्वप्ने याच अवस्थेत पडतात, आणि स्वप्नाबरहुकूम हातपाय चालू नयेत म्हणून मेंदू तेवढ्या काळापुरते स्नायू शिथिल करून ठेवतो. कधी भान आधी येते आणि स्नायूंवरचा हा अंमल काही क्षण, क्वचित काही मिनिटे, उठायचा राहतो. यालाच डॉक्टर स्लीप पॅरालिसिस म्हणतात. श्वासपटल चालूच असते, पण छातीचे इतर स्नायू ढिले असल्यामुळे दडपण आल्यासारखे वाटते. धोक्याची सूचना देणारी मेंदूची यंत्रणा जागी असल्यामुळे त्या दडपणाला एक देहही मिळतो. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा आणि उताणे निजणे यांनी हा प्रकार बळावतो. म्हणजे भयाने जागरण, जागरणाने हा अनुभव आणि अनुभवाने पुन्हा भय, असा हा फेरा आहे. त्यात मुंज्याला वा समंधाला शिरकाव करावयास जागाच उरत नाही.

तरीही भगताला पाचारण करणारी घरे आहेत. भूत उतरवण्याच्या मिषाने माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरलेला आहे, एवढेच त्याविषयी सांगणे पुरे. रामरक्षेची गोष्ट वेगळी. तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून झिडकारणाऱ्यांशी मी सहमत नाही: जपमाळेची लॅटिन प्रार्थना अथवा मंत्र संथपणे म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा इष्ट परिणाम होतो, असे 2001 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते, संथ लयीत म्हटलेल्या स्तोत्रानेही तसेच का होऊ नये?

रात्रभर दिवे व टीव्ही चालू ठेवावेत, घोटभर मद्य घ्यावे, हे उपाय दिसतात सोयीचे. परंतु मद्याने झोप लवकर लागली तरी उत्तररात्री ती मोडते. उलटपक्षी, अंधाऱ्या खोलीत एकदा कोंडले म्हणजे भीती मोडेल, हा पुरुषी थाटाचा तोडगा तर क्रूर आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली सुमारे तीन वर्षांच्या एका मुलाचे सशाचे भय घालवले, ते ससा दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणून आणि मूल आवडीचा खाऊ खात असताना. पुढे 1958 साली जोसेफ वोल्पे यांनी या क्रमाक्रमाच्या पद्धतीला शास्त्रीय शिस्त लावली. तिला अनुसरून, सोबतीण प्रथम शेजारच्या खोलीत, मग शेजारच्या घरात, मग केवळ फोनवर, अशी तजवीज करावी, आणि एका पायरीवर मन स्वस्थ झाल्याखेरीज पुढची चढू नये. कड्या-कुलपे निजण्यापूर्वी एकदाच पाहावीत, कारण वारंवार खातरजमा केल्याने शंका मिटत नाही, वाढते. पुष्कळ वेळ झोप आली नाही, तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून मंद दिव्यात काही वाचावे आणि डोळे जडावल्यावर परतावे.

गाढ झोपेतून धडधडत, गुदमरत जाग येत असेल, तर तो निव्वळ भयाचा प्रश्न समजू नये; निद्रेत श्वास अडकण्याचा विकार अथवा रात्री येणारे तीव्र घबराटीचे झटके यांचा तपास डॉक्टरांकडून करून घ्यावा. मनाचीच तक्रार असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर ऑक्टोबर 2022 पासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मध्यरात्रीही फोन उचलला जातो.