हातोडा पडण्यापूर्वी

पर्युषण पर्वात जन्मवाचनाच्या दिवशी उपाश्रयात चौदा स्वप्नांच्या बोल्या लागतात. कुठे त्या रुपयांत बोलल्या जातात, तर कुठे जुन्या रीतीप्रमाणे मणभर तुपाच्या हिशेबात. सर्वांत मोठी बोली बोलणारे कुटुंब स्वप्न उतरविण्याचा लाभ घेते आणि रिकाम्या हातांनी, पण भरल्या मनाने घरी परतते. लंडन, न्यूयॉर्क वा हाँगकाँग येथील लिलावगृहांतही बोली लागते. तेथे मात्र हातोडा पडला की वस्तू एका मालकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. कित्येकदा ती पुढील पन्नास-शंभर वर्षे लोकांच्या दृष्टीसही पडत नाही.

व्यापारी घराण्यांना लिलाव अपरिचित नाही. बाजारसमितीतील धान्य, कांदा, कापूस यांचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत आले आहेत. धान्याला उत्पादनखर्च असतो, आवक असते, कालचा भाव असतो. प्राचीन मूर्तीला किंवा जुन्या चित्राला यांपैकी काहीच नसते. दोन माणसांना ती एकाच वेळी किती तीव्रतेने हवी आहे, एवढ्यावरच तिचा भाव ठरतो. म्हणूनच या बाजारात किंमत आणि मोल हे दोन शब्द समानार्थी मानून चालत नाही. २०२५ या एका वर्षात घडलेल्या तीन प्रसंगांनी हा फरक फार स्पष्ट केला.

पिप्रहवाची रत्ने

उत्तर प्रदेशातील आजच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेजवळ, पिप्रहवा नावाचे गाव आहे. तेथील एका स्तूपाचे उत्खनन जानेवारी १८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे या ब्रिटिश जमीनदाराने केले. वालुकाश्माच्या अवजड पेटीत स्फटिकाचे व मऊ दगडाचे करंडक निघाले. त्यांत अस्थी, रक्षा आणि सुमारे १,८०० रत्ने, मणी व सुवर्णपत्रे होती. एका करंडकावर ब्राह्मी लिपीत कोरलेला लेख होता. त्यात या अस्थी शाक्यकुलातील भगवान बुद्धांच्या असल्याचा निर्देश आहे.

ब्रिटिश सरकारने १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याखाली या ठेव्यावर हक्क सांगितला. अस्थी सयामच्या राजाला भेट दिल्या गेल्या. बहुतेक रत्ने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली. साधारण एकपंचमांश हिस्सा मात्र ‘दुबार नमुने’ म्हणून पेपे यांच्याकडे राहू दिला गेला. ‘दुबार’ हा शब्द हिशेबनिसाचा आहे, श्रद्धावंताचा नव्हे. ज्या हातांनी ती रत्ने अस्थींसोबत अर्पण केली होती, त्यांच्या दृष्टीने त्यांतील एकही मणी दुबार नव्हता.

पेपे यांच्या वंशजांकडील हीच रत्ने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँग येथे सॉदबीज या संस्थेच्या लिलावात निघणार होती. अंदाजित किंमत होती सुमारे १० कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक. अनेक बौद्ध अभ्यासकांनी व धर्मनेत्यांनी आक्षेप घेतला: अस्थींसोबत पुरलेले रत्न हे अलंकार नसून अस्थींइतकेच पूज्य आहे. वंशजांचे म्हणणे असे होते की, वस्तू हस्तांतरित करण्याचा लिलाव हाच सर्वांत पारदर्शक मार्ग आहे. भारत सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने ५ मे रोजी कायदेशीर नोटीस बजावली आणि लिलाव स्थगित झाला. पुढे वाटाघाटी होऊन गोदरेज उद्योगसमूहाने ही रत्ने विकत घेतली. ३० जुलै २०२५ रोजी, तब्बल १२७ वर्षांनी, ती मायदेशी परतल्याची घोषणा पंतप्रधानांनी केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कायद्याच्या नोटिशीने हातोडा थांबला. परंतु रत्ने घरी आणण्यासाठी अखेर एका उद्योगसमूहाला तिजोरी उघडावी लागली. शासन आणि व्यापारी यांनी आपापला वाटा उचलला, तेव्हाच हे काम तडीस गेले.

रघूजीराजांची तलवार

दुसरा प्रसंग महाराष्ट्राच्या अंगणातला. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथे सॉदबीजच्याच लिलावात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजीराजे भोसले यांची तलवार निघाली. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील या सेनानीने मराठ्यांचे निशाण बंगाल-ओडिशापर्यंत नेले. ‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा किताब. तलवारीचे पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे ‘फिरंग’ प्रकारचे. मुठीवर सोन्याचे नक्षीकाम आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत लिहिलेले राजांचे नाव. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला; त्या सुमारास ही तलवार लुटीत किंवा नजराणा म्हणून देशाबाहेर गेली असावी, असा तर्क केला जातो.

महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत या लिलावात बोली लावली आणि ती जिंकली. हाताळणी, वाहतूक व विमा यांसह एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये आला. १८ ऑगस्ट २०२५ रोजी तलवार मुंबईत दाखल झाली. आपलीच वस्तू पैसे मोजून परत घ्यावी काय, असा प्रश्न काहींना पडेल. त्याला दुसरी बाजू अशी की, त्या दिवशी शासनाने बोली लावली नसती, तर ती तलवार एखाद्या खासगी संग्राहकाच्या दालनात गेली असती आणि पुन्हा केव्हा बाजारात आली असती, हे कोणालाच सांगता आले नसते.

२००९ मध्ये न्यूयॉर्क येथे महात्मा गांधींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ आणि वाटी-थाळी लिलावास निघाली होती. देशभर संताप उसळला. खुद्द विक्रेत्याने ऐनवेळी वस्तू मागे घेण्याचा प्रयत्न केला. तरी लिलाव झालाच. उद्योगपती विजय मल्ल्या यांच्या वतीने १८ लाख डॉलरची बोली लागली. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या महापुरुषाच्या चपलांना एवढा भाव यावा, यापेक्षा या बाजाराचे विचित्र रूप दुसरे कोणते असेल?

विकणे नेहमीच अनुचित नसते

तरीही लिलाव म्हणजे अधर्म असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मकबूल फिदा हुसेन यांनी १९५४ मध्ये रंगविलेले ‘ग्रामयात्रा’ हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र त्याच वर्षी दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरांनी विकत घेऊन नॉर्वेला नेले. पुढे ते ओस्लो येथील विद्यापीठ रुग्णालयास लाभले आणि अनेक दशके तेथेच राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात त्याला शुल्कासह सुमारे १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे अंदाजे ११८ कोटी रुपये आले. ही रक्कम डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचे ठरले.

या विक्रीत कोणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही. चित्र विक्रीसाठीच काढलेले होते, मालकी निर्विवाद होती आणि आलेला पैसा लोककार्यास लागला. वस्तू कशासाठी निर्माण झाली, ती विकणाऱ्याकडे कोणत्या मार्गाने आली आणि विक्रीचा पैसा कोठे जाणार, हे तीन प्रश्न विचारले की विक्री उचित की अनुचित, याचे उत्तर बहुधा मिळते.

हातोड्यामागचा हिशेब

सॉदबीजची स्थापना १७४४ ची, क्रिस्टीजची १७६६ ची. एवढ्या जुन्या या धंद्याची रीत समजून घेतल्यास व्यापारी माणसाला ती कठीण वाटणार नाही. प्रत्येक वस्तूला कमाल-किमान अशी अंदाजित किंमत छापली जाते. तिच्या आत विक्रेत्याशी ठरलेली, जाहीर न होणारी राखीव किंमत असते. बोली तिच्यापर्यंत पोहोचली नाही तर वस्तू विकली जात नाही. न विकलेल्या वस्तूला बाजारात थोडा डाग लागतो आणि पुढच्या खेपेस भाव पडतो. म्हणून फार मोठी अंदाजित किंमत ऐकून विक्रेत्याने हुरळून जाऊ नये.

दुसरी बाब शुल्काची. समजण्यापुरते आकडे घ्यावयाचे तर, वस्तूवर १० लाखांना हातोडा पडला, खरेदीदाराकडून २० टक्के अधिमूल्य आणि विक्रेत्याकडून १० टक्के कमिशन ठरले असेल, तर खरेदीदार १२ लाख देतो आणि विक्रेत्याच्या हाती ९ लाख येतात. मधले ३ लाख लिलावगृहाचे. कर, विमा, वाहतूक वेगळी. वृत्तपत्रांत येणारा आकडा बहुधा खरेदीदाराने मोजलेला असतो, विक्रेत्याला मिळालेला नव्हे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे वस्तूची वंशावळ. ती कोणाकडून, केव्हा, कशी आली याची सलग नोंद असेल तर किंमत वाढते. नोंद तुटक असेल तर सच्चा खरेदीदार मागे फिरतो आणि चोरीच्या मालाचा संशय येतो. ज्या समाजाने वहीखात्याला लक्ष्मीइतका मान दिला, त्याला नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परंतु दुकानाच्या वह्या चोख असणाऱ्या कित्येक घरांत देवघरातील जुन्या धातुप्रतिमेची किंवा कपाटातील पोथीची एक ओळही लिहिलेली नसते.

कायदा काय सांगतो

पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे, कारागिरीची वस्तू ही पुरातन वस्तू ठरते. ऐतिहासिक वा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षे पुरतात. अशा वस्तूची खासगी व्यक्तीला परदेशात निर्यात करता येत नाही. मग ती आजोबांची असो वा परदेशी स्थायिक झालेल्या मुलासाठी नेलेली भेट असो. निर्यातीचा गुन्हा सिद्ध झाल्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड होऊ शकतो. देशात विक्री करता येते. मात्र तिचा व्यापार करावयाचा तर परवाना लागतो.

दगड, धातू, हस्तिदंत इत्यादींच्या मूर्ती, जुनी चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांसारख्या अधिसूचित वस्तूंची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करणे बंधनकारक आहे. मालकी बदलल्यास तेही कळवावे लागते. नोंदणी केली की सरकार वस्तू घेऊन जाते, ही भीती निराधार आहे. नोंदणीने मालकी बदलत नाही. सक्तीने संपादन करण्याचा अधिकार कायद्यात आहे. परंतु प्रामाणिक धार्मिक उपासनेत असलेल्या वस्तूंना तो लागू नाही. उलट, नोंदणीकृत वस्तू चोरीस गेली तर तिचे छायाचित्र व वर्णन हाच मालकीचा भक्कम पुरावा ठरतो.

करासंबंधीही एक गैरसमज आढळतो. घरातील वापराच्या वस्तू विकल्यास भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. पण चित्रे, शिल्पे, पुरातन संग्रह आणि कलाकृती यांना २००७ च्या वित्त अधिनियमाने या सवलतीतून वगळले आहे. वारशाने आलेल्या वस्तूच्या बाबतीत पूर्वीच्या मालकाची खरेदी किंमत विचारात घेतली जाते. तेव्हा विक्रीपूर्वी कर सल्लागाराशी बोलणे हिताचे.

पोथीचे सुटे पान

या सर्व प्रपंचात जैन घरांना सर्वाधिक जवळचा असा एक विषय आहे. पश्चिम भारतात चौदाव्या ते सोळाव्या शतकांत लिहिल्या गेलेल्या सचित्र कल्पसूत्रांची पाने आज जगभरच्या लिलावांत सुटी विकली जातात. अहमदाबादच्या देवसानो पाडो येथील ज्ञानभांडारातील, पंधराव्या शतकाच्या अखेरच्या अप्रतिम पोथीची पानेही अशीच देशोदेशींच्या संग्रहांत विखुरली आहेत. यामागचे गणित निर्दय आहे. सबंध पोथीला एकच गिऱ्हाईक मिळते. पंचवीस चित्रपाने सुटी केली तर पंचवीस गिऱ्हाइके मिळतात आणि एकूण रक्कम वाढते. केवळ अक्षरांच्या पानांना मात्र कोणी विचारीत नाही. चित्र विकले जाते आणि सूत्र हरवते.

ज्या श्रेष्ठींनी द्रव्य खर्चून ती पोथी लिहवून घेतली, त्यांनी ती गुरुमहाराजांना वहोरावली ती ज्ञान टिकावे म्हणून. वाटणीच्या वेळी चार भावांनी पोथीची पाने वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या भिंतीवर एक सुंदर चौकट लागेल, पण पूर्वजांचे पुण्यकार्य त्याच दिवशी संपेल. अशी पोथी घरी सांभाळणे शक्य नसेल, तर ती अखंड स्वरूपात ज्ञानभांडारास वा मान्यवर संशोधन संस्थेस द्यावी आणि रीतसर पोच घ्यावी. दानातही पावती हवीच.

म्हणून येत्या ज्ञानपंचमीस पोथ्यांची पूजा करताना प्रत्येक घराने आणखी एक काम करावे. घरातील शंभर वर्षांपूर्वीच्या प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढावे. लांबी-रुंदी, धातू, लेख असल्यास त्यातील संवत, आणि ती कोणाकडून आली हे वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत लिहावे. नोंदणीयोग्य वस्तूंची नोंदणी करून घ्यावी. ज्या आजींना हे सारे ठाऊक आहे, त्यांची स्मरणशक्ती हीच आज त्या वस्तूंची एकमेव वही आहे, आणि ती फार काळ उघडी राहणार नाही.

पिप्रहवाची रत्ने परत आली, कारण १८९८ मधील उत्खननाची नोंद होती. रघूजीराजांची तलवार ओळखता आली, कारण पात्यावर त्यांचे नाव होते. ज्या वस्तूवर नाव नाही आणि जिची नोंद नाही, ती एकदा घराबाहेर गेली की तिला परत बोलावण्यास कोणतेही शासन व कोणताही धनिक समर्थ नसतो. हातोडा पडल्यावर पश्चात्ताप करण्यापेक्षा, तो पडण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहिणे हा कितीतरी स्वस्त सौदा आहे.