काडीपेटीतील काड्या, रबरी सांधे आणि दृढतेचा प्रश्न

जोडणीच्या यांत्रिक खेळण्यांचा विचार शिक्षणशास्त्राचे अभ्यासक बहुधा 'शैक्षणिक साधन' या एकाच सदराखाली करतात, आणि साधन म्हटले की त्याची किंमत, टिकाऊपणा व उपलब्धता यांपलीकडे चर्चा क्वचितच जाते. वस्तुतः अशा प्रत्येक संचात एक विशिष्ट प्रकारचा सांधा गृहीत धरलेला असतो, आणि मुलाच्या हाती कोणता प्रश्न येणार हे त्या सांध्यावरूनच ठरते. प्रस्तुत लेखात काडीपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून होणाऱ्या संचाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

या प्रकारच्या खेळण्यांत सर्वांत प्रसिद्ध पावलेला संच म्हणजे मेकॅनो. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. मेकॅनो हे नाव १९०७ पासूनचे. अर्ध्या इंचाच्या अंतराने छिद्रे पाडलेल्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारे नटबोल्ट हे त्याचे मूळ घटक. या योजनेची सोय उघड आहे. परंतु तीत एक गणिती अडचणही दडलेली आहे. प्रत्येक बाजूत छिद्रांची पाच अंतरे असलेला चौरस घेतला, तर त्याचा कर्ण ७.०७ अंतरांचा भरतो, आणि तेवढ्या लांबीवर छिद्र असूच शकत नाही. सात अंतरांची पट्टी ओढूनताणून बसविल्यास कोन ९० अंशांऐवजी सुमारे ८९ अंशांचा होतो. तीन, चार व पाच अंतरांचा त्रिकोण मात्र बिनचूक काटकोन देतो. पायथागोरसचा सिद्धान्त पट्टीतील छिद्रांतून असा समोर यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि मेकॅनोचा बोल्ट एक गोष्ट झाकतो. तो घट्ट आवळला की चौकोनही ताठ उभा राहतो, आणि हा ताठपणा आकृतीचा की बोल्टच्या आवळण्याचा, हे मुलाला कळण्यास मार्ग उरत नाही. रबरी नळीचा सांधा नेमकी हीच फसवणूक करीत नाही.

काड्यांचा हा संच होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या परिसरात आकारास आला. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून सुरू झालेला हा कार्यक्रम १९७८ मध्ये जिल्हाभर पसरला, आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेले व पुण्यात मोटारींच्या कारखान्यात काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तेथे गेले, आणि गावच्या आठवडे बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी हा संच घडविला. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. कार्यक्रम थांबला तरी काड्यांचे हे सांगाडे शाळाशाळांतून होत राहिले.

कृती सोपी आहे. काड्यांचे गूल मोठ्या माणसाने आधीच पात्याने खरवडून टाकावे. ते मुलाकडे सोपवू नये. नळीचे दीड सेंटिमीटर लांबीचे तुकडे कापून त्यांच्या दोन्ही तोंडांत काड्या खुपसल्या की दोन काड्यांचा सांधा तयार होतो. त्याच्या मध्यावर बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा. एका तुकड्यातून दुसरा आडवा ओवला की चारांचा.

एका नऊ वर्षांच्या मुलीसमवेत, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्या भाचीसमवेत, हे काम चालू असताना घडलेला संवाद येथे नोंदविण्याजोगा आहे. तिने प्रथम चौरस केला, तो हातात धरताच एका अंगास कलला. "मामा, याचे सांधे सैल आहेत," असा तिचा निष्कर्ष. तेच सांधे काढून त्रिकोण करावयास सांगितले. त्रिकोण हलेना. ती काही वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "म्हणजे सांधे नाहीत सैल. चौकोनच सैल आहे." हे वाक्य तिला आयते सांगता आले असते, पण सांगितले असते तर सांध्यांवरचा संशय तिचा तिनेच दूर केला नसता. नियंत्रित प्रयोगाचे याहून सुटसुटीत उदाहरण पदव्युत्तर वर्गातही सहजी सापडत नाही.

कललेल्या चौरसापाशी थोडे थांबणे इष्ट आहे. काडी सुमारे चार सेंटिमीटरांची धरल्यास परिमिती सोळा सेंटिमीटर. ती बदलत नाही. क्षेत्रफळ मात्र चौरसाचे सोळा चौरस सेंटिमीटर असते, ते कोन ३० अंशांवर आणताच आठ होते. आलेख-कागदावर ठेवून चौकटी मोजल्या की मुलाला हे डोळ्यांनी दिसते. परिमिती व क्षेत्रफळ यांची गल्लत पुढील इयत्तांतही टिकून राहते, हे शिक्षकांस सांगावयास नको.

आता चौरस स्थिर करावयाचा तर कर्ण हवा, आणि त्यासाठी काडी अपुरी पडते. साडेपाच सेंटिमीटरांहून थोडी लांब अशी केरसुणीची हीर कापून घ्यावी लागते. येथून मोजणीचा भाग सुरू होतो. सपाट आकृतीतील प्रत्येक सांध्याला हालचालीच्या दोन दिशा असतात. त्यांतून संबंध आकृती सरकणे व फिरणे या तीन गोष्टी वजा केल्या, तर 'सांध्यांची दुप्पट उणे तीन' इतक्या काड्या दृढतेसाठी लागतात. त्रिकोणाला तीन, चौकोनाला पाच, पंचकोनाला सात. अवकाशात हाच हिशेब 'सांध्यांची तिप्पट उणे सहा' असा होतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली तो मांडला.

या हिशेबाने खेळण्यांची पाहणी केली असता ती फार बोलकी ठरते. चतुष्फलकाला चार सांधे व सहा काड्या. नेमक्या हव्या तेवढ्या. अष्टफलकाच्या बारा व विंशतिफलकाच्या तीसही नेमक्या पुरतात. विंशतिफलक जमिनीवर आपटला तरी चेंडूसारखा उसळतो. घनाला मात्र आठ सांधे म्हणून अठरा काड्या हव्यात, आणि असतात बारा. उणीव सहांची, आणि घनाच्या बाजूही सहाच: प्रत्येक बाजूस एकेक कर्ण बसविला की घन उभा राहतो. द्वादशफलकाला चोपन्न हव्या असता तीसच असतात. तो टेबलावर ठेवताच बसतो, आणि मुलांना याची मोठी गंमत वाटते.

परंतु ही मोजणी आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. दोन चौरस शेजारी शेजारी जोडले की सांधे सहा व काड्या सात होतात, लागतात नऊ. उरलेले दोन्ही कर्ण एकाच चौरसात बसविल्यास हिशेब जमतो, पण दुसरा चौरस लटपटतच राहतो. काड्या किती याइतकेच त्या कोठे हेही महत्त्वाचे. बहिर्वक्र घनाकृतींच्या दृढतेविषयीचा कोशीचा सिद्धान्त १८१३ सालचा आहे. मात्र सर्व बाजू त्रिकोणी असूनही न तुटता हलणारी अंतर्वक्र घनाकृती रॉबर्ट कॉनेली यांनी १९७७ मध्ये दाखविली. म्हणजे घरातील मुलाचा प्रश्न आणि गणितज्ञांचा प्रश्न यांत पिढ्यांचे अंतर आहे, जातीचे नाही.

पालकाच्या वा शिक्षकाच्या भूमिकेविषयी एकच मुद्दा मांडतो. संच हाती घेतला की मोठ्या माणसाचा कल चित्राबरहुकूम वस्तू पूर्ण करण्याकडे असतो, आणि पाचदहा मिनिटांतच काड्या त्याच्या हातात व मूल बघ्याच्या जागी असे दृश्य दिसू लागते. पडलेला घन लगेच सावरणे हा त्यातला सर्वांत सामान्य प्रकार. घन पडणे ही त्या तासातील मुख्य घटना आहे. तीच काढून घेतली तर उरते ती हस्तकला. शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहणारे महागडे संच याच कारणाने निरुपयोगी ठरतात. त्यांतील वस्तू पडू नये, मोडू नये, याची काळजी आधी घेतलेली असते. काडी मोडली तर दुसरी घ्यावी.

खेळ संपल्यावर मुलाला घराबाहेर न्यावे. जुन्या कौलारू घराच्या आढ्याखालील कैची, विजेच्या तारांचे मनोरे, रेल्वेचा लोखंडी पूल, सर्वत्र त्रिकोण ओळखता येतात. सायकलपाशी मात्र सावध असावे. तिच्या सांगाड्याचा मागचा भाग खरा त्रिकोण आहे. पुढचा भाग त्रिकोण म्हणून दाखविला जातो, पण हँडलखालची आखूड नळी मोजली की तो चौकोन असल्याचे दिसते. तो कलत नाही, कारण त्याचे सांधे डाख देऊन पक्के केलेले असतात. ही आकृती काड्या व रबरी नळी घेऊन केली असता कलते. चौथी नळी मुलाच्या ध्यानात येते की नाही, हे न सुचविता पाहावे.