कुजबुजता पियानो

१९२० च्या आसपासचं शिकागो. दारूबंदी जारी झालेली. काळ्या वस्तीत घरभाडं थकलं की लोक आपल्याच खोल्यांत जलसा ठेवायचे. दारात थोडे पैसे टेकवायचे. आत चोरटी दारू, नाच आणि पियानो. पोलिसांना सुगावा लागता कामा नये, म्हणून वाजवणारा असा हवा की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये आणि सूर भिंतीपलीकडेही जाऊ नये. टॉमस डॉर्सीला हे नेमकं जमायचं. 'कुजबुजत पियानो वाजवणारा' अशीच त्याची ओळख होती. गॉस्पेल संगीताचा जनक म्हणून पुढे ज्याचं नाव झालं, त्याची तालीम ही अशी झाली.

जन्म १ जुलै १८९९ चा, जॉर्जिया राज्यातल्या व्हिला रिका गावचा. वडील धर्मोपदेशक, पण पोटासाठी दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. अटलांटातल्या थिएटरांत वादकांची बोटं पाहत पोरगा शिकला आणि १९१६ साली शिकागोला आला. दक्षिणेतून तेव्हा लोंढेच्या लोंढे येत होते. १९१० साली शहरात कृष्णवर्णीय होते सुमारे ४४ हजार. १९३० पर्यंत ते दोन लाख चौतीस हजारांच्या घरात गेले. ही माणसं गावाकडचा ब्लूज सोबत घेऊन आली होती. शहरातल्या प्रतिष्ठित चर्चना मात्र युरोपीय वळणाचं, आखीव गाणं हवं होतं.

१९२४ मध्ये डॉर्सी ब्लूजची जननी मा रेनी हिच्या साथीला बसला. भक्तिगीतं तो त्याआधीच लिहू लागला होता. मध्ये १९२६ च्या सुमारास नैराश्याने असा घेरला की वाजवणंच बंद पडलं. त्यातून उठला, आणि १९२८ साली टॅम्पा रेडबरोबर 'इट्स टाइट लाइक दॅट' हे चावट गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते तुफान खपलं. 'जॉर्जिया टॉम' हे नाव त्या बाजारातलं. त्याची गोष्ट सांगणारे बहुधा पापाकडून पुण्याकडे जाणारा सरळ रस्ता आखून देतात. मला तो पटत नाही. कित्येक वर्षं दोन्ही दुकानं एकाच वेळी उघडी होती, आणि माल एकाच हाताचा होता.

तो हात जरा जवळून पाहू. छापील कागदावर डॉर्सीचं गाणं साधंसुधं दिसतं. वाजवताना डावा हात ब्लूजचा डुलता ठेका धरतो. गाणाऱ्याने ओळ संपवून श्वास घेतला की उजवा हात त्या फटीत शिरून उत्तर देतो. शुद्ध आणि कोमल गंधारांच्या मधली जी जागा पियानोला मुळात नाहीच, ती लगतच्या दोन पट्ट्या घसटून सुचवली जाते. आपल्याकडेही लावणीची चाल भजनाला लावली तर अजून दोन-चार म्हातारे आठ्या घालतात. तिथे तर पाद्र्यांनी त्याला चर्चमधून घालवूनच दिलं. कागद विकायला जावं तर घेणारं कुणी नाही. पैशांच्या बाबतीत तर त्याचा सगळाच अजागळ कारभार. १९३२ मध्ये सॅली मार्टिन त्याला येऊन मिळाली. गाण्याइतकीच ती हिशेबात पक्की. गल्ला तिने ताब्यात घेतला, गावोगाव गाऊन कागद खपवले, आणि धंदा उभा राहिला. तिचं श्रेय सांगताना लोक नेहमी आखडता हात घेतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो सेंट लुईसला गायला निघाला. बायको नेट्टीचे दिवस भरत आले होते. गाण्यांची बॅग विसरली म्हणून वाटेतून परतला, तेव्हा ती झोपलेली होती. न उठवता तो पुन्हा निघाला, असं तो सांगत असे. सेंट लुईसला तार आली: नेट्टी बाळंतपणात गेली. मागोमाग बाळही गेलं. काही दिवसांनी, मित्र थिओडोर फ्राय सोबत असताना, तो एका पियानोपाशी बसला. बोटांखाली 'मेटलंड' ही एकोणिसाव्या शतकातली जुनी चाल आली आणि तिच्यावर शब्द बसू लागले. देवाला आधी 'ब्लेसेड' म्हटलं होतं. फ्राय म्हणाला, 'प्रेशस' म्हण. 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे ते गाणं. यानंतर ब्लूजचं दुकान मात्र कायमचं बंद झालं.

पुढे चाळीसहून अधिक वर्षं पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाची धुरा त्याच्याकडे होती. ॲडलर आणि सलिव्हन यांनी बांधलेली ती वास्तू मुळात ज्यूंचं प्रार्थनास्थळ. २००६ च्या आगीत ती आतून जळाली, दगडी भिंती तेवढ्या उरल्या. डॉर्सी त्याआधीच, २३ जानेवारी १९९३ रोजी, गेला होता.

महेलिया जॅक्सनने त्याची गाणी जगभर नेली; 'पीस इन द व्हॅली' तर त्याने तिच्यासाठीच १९३७ मध्ये लिहिलं आणि वीस वर्षांनी एल्व्हिस प्रेस्लीनेही गायलं. 'प्रेशस लॉर्ड' मात्र सगळ्यांच्या मयतीचं गाणं झालं. मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत महेलियाने ते गायलं, १९७२ मध्ये महेलियाच्या अंत्यविधीत अरीथा फ्रँकलिनने, आणि पुढच्या वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना निरोप देताना लिओंटिन प्राइसने.

४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या गॅलरीतून किंगने खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँचला हाक मारली होती: रात्रीच्या सभेत 'प्रेशस लॉर्ड' वाजव, छान वाजव. ब्रँच सॅक्सोफोनवाला होता. एवढं बोलणं झालं आणि गोळी सुटली.