बांधीचं क्षेत्रफळ

अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांधकडे जाताना धानाच्या बांध्या पाहाव्यात. नेमकी आयताकृती क्वचितच दिसते. जमिनीच्या उतारानुसार धुरा, म्हणजे बांध, वळतो, पाणी जिथे थांबेल तिथे बांधी संपते. मग तिचं क्षेत्रफळ काढायचं कसं?

चारही बाजू मोजून समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणाकार करायचा, हा हिशेब सोपा वाटतो, पण फसवा आहे. 20 मीटर बाजूंचा चौरस तिरपा दाबला, तरी उत्तर 400 चौरस मीटरच येतं. जागा मात्र घटलेली असते. सन 628 मध्ये ब्रह्मगुप्तांनी या रीतीला स्थूल म्हटलं. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी तर कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला चांगलंच फटकारलं आहे!

जमीन मोजण्याच्या शंकू-साखळी पद्धतीत नेमके हे लंबच घेतात. समजा, बांधीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत 60 मीटरची आधाररेषा धरली. डावीकडे 20 मीटरवर 16 मीटरचा लंब, 45 मीटरवर 12 मीटरचा. उजवीकडे 18 मीटरचा एकच. डावीकडे दोन त्रिकोण आणि मधे समलंब चौकोन पडतो: 160 + 350 + 90, म्हणजे 600. उजवीकडचा त्रिकोण 540. एकूण 1140 चौरस मीटर. सातबाऱ्याच्या भाषेत 11.4 आर.

तलावाकाठचा धुरा गोलाई घेत असेल, तर लंब जवळजवळ घ्यावेत. तुकडे जितके अरुंद, तितकी चूक कमी.