‘बसते, पण आधी लिहून घ्या’

दिवेलागण झाली, चूल पेटली असेल. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा, कारण आज आपण बोलण्याविषयीच बोलणार आहोत.

तसं पाहिलं तर बोलण्यात आपण काही कमी नाही. खुरपणीला, नळावर, ओट्यावर आपल्याला कुणी गप्प करू शकत नाही. पण चार पुरुष खुर्चीवर बसलेले असले, पुढं टेबल असलं, की आपण मूग गिळून बसतो. आमचंही तेच झालं होतं, ते आधी सांगतो.

आमच्या गावच्या ग्रामसभेत वेशीवर कमान बांधायचा विषय निघाला. खालच्या वस्तीतला हातपंप तेव्हा तीन महिने बंद होता. आम्ही दहा-बारा जणी मागं सतरंजीवर बसून एकमेकींच्या कानात बोलत होतो, ‘कमानीला काय चाटायचं? आधी पाण्याचं बघा की.’ मोठ्यानं मात्र एकीनंही म्हटलं नाही. पुढं काही दिवसांनी आमच्यातल्या एकीनं इतिवृत्ताची वही पाहिली. त्यात लिहिलं होतं, ‘विषय सर्वानुमते मंजूर.’

सर्वानुमते म्हणजे सगळ्यांच्या मतानं. म्हणजे आमच्याही! ज्या बायका दीड कोसावरून हंडे आणत होत्या, त्यांनीच कमानीला होकार दिला असं कागद सांगत होता. कुणी खोटं लिहिलं म्हणावं, तर तेही नाही. ‘कुणाची हरकत आहे का?’ असं विचारलं होतं आणि आम्ही खाली मान घालून बसलो होतो. सभेत गप्प बसणं हा होकारच धरला जातो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग बचत गटाच्या बैठकीत आम्ही एक खेळ केला. स्पष्ट बोलण्यासाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत, ते एकेकीनं सांगायचे. रोखठोक, सडेतोड, परखड, तोंडावर बोलणं, आडपडदा न ठेवता बोलणं, ठणकावून सांगणं, एक घाव दोन तुकडे... वहीचं पान भरलं. मग एका आजींनी विचारलं, ‘हे शब्द बाईला लावलेले कुणी ऐकलेत का गं?’ आम्ही विचारात पडलो. पुरुष बोलला तर तो बाणेदार. तेच बाई बोलली तर फटकळ, तोंडाळ, आगाऊ, नाहीतर ‘लई जीभ चालती हिची’. बोलणं एकच, नावं दोन. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात हाच हिशेब मांडला होता. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हा कुणी फटकळ म्हटलं तर फार मनाला लावून घेऊ नका. परखड या शब्दाचंच ते बायकांसाठी ठेवलेलं नाव आहे, असं आम्ही आता धरतो.

आपलीही एक खोड आहे, ती सांगायला हवी. आपण बोलायच्या आधीच आपलं बोलणं स्वस्त करून टाकतो. ‘आम्हा अडाण्यांना काय कळतंय, पण...’, ‘आपलं सहज म्हणते हं’, ‘बायका म्हणत होत्या’. आपणच असं म्हटल्यावर समोरचा कशाला कान देईल? त्याऐवजी ‘माझं मत असं आहे’ म्हणा. आणि लगेच ‘कारण’ हा शब्द जोडा. ‘कमान नको’ म्हटलं की भांडण वाटतं. ‘कमानीच्या आधी हातपंप दुरुस्त व्हावा असं माझं मत आहे, कारण तीन महिने वस्तीला पाणी नाही,’ असं म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

सभेत उपयोगी पडणारे शब्द थोडेच आहेत. ‘मला हे मान्य नाही’ म्हणजे माझा नकार. ‘माझी हरकत आहे’ म्हणजे हा विषय असाच पुढं नेऊ नका. ‘माझी सूचना आहे’ म्हणजे दुसरा मार्ग मी सांगते. आणि सगळ्यांत जड शब्द, ‘इतिवृत्तात नोंद घ्या’. बोलणं हवेत विरतं, नोंद कागदावर राहते. अर्ज दिला तर ‘पोच द्या’ म्हणायचं, म्हणजे अर्ज मिळाल्याची सही-शिक्का आपल्या प्रतीवर घ्यायचा. हजेरीच्या वहीवर सही करताना वर काय लिहिलंय ते वाचा किंवा वाचून घ्या. घरी वही आणून ‘ताई, इथं जरा सही करा’ म्हटलं, तर ‘कशासाठी?’ एवढं तरी विचाराच.

सगळ्यांपुढं एकदम जमत नसेल तर महिला सभा आहेच. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा कायदाच आहे. पंचायतीत निम्म्या जागाही 2011 पासून बायकांसाठी राखीव आहेत. पण पुष्कळ ठिकाणी महिला सभा कागदावरच उरकली जाते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ‘महिला सभा कधी आहे?’ हा प्रश्न विचारणं हेसुद्धा मत मांडणंच झालं.

घरातलं बोलणं मात्र वेगळं. तिथं नोंद घ्या म्हणून चालत नाही. सासूबाईंना ‘मला मान्य नाही’ म्हटलं तर ताटातली भाकरी कडू व्हायची. तिथं ‘आई, मला जरा वेगळं वाटतंय, सांगू का?’ असं विचारून बोललेलं बरं पडतं. पण सांगायचं ते सांगायचंच. मुलीचं शिक्षण, लग्नाचं वय, जमिनीवरची सही, यात भीड नको. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या.

पुढच्या ग्रामसभेत आमच्या गटातल्या एक वहिनी उभ्या राहिल्या. हात थरथरत होते, पदर बोटाला गुंडाळलेला. म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, हातपंपाचा विषय आजच घ्यावा अशी आमची सूचना आहे. कारण वस्तीला पाणी नाही. नोंद घ्या.’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘बसा ताई, बघू नंतर.’ वहिनी म्हणाल्या, ‘बसते, पण आधी लिहून घ्या.’ ग्रामसेवक भाऊसाहेबांनी लिहिलं. महिन्याभरानं पंप सुरू झाला. कमानही झाली, रंग देऊन उभी आहे. वहिनींना घरी दोन दिवस बोलणी खावी लागली, तेही खरं.

तुमच्या गावात स्पष्ट बोलणाऱ्या बाईला काय म्हणतात? चांगला शब्द असो की वाईट, गटाच्या पुढच्या बैठकीत वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते सगळे शब्द आपण रेडिओवर मोठ्यानं वाचू.