मुठीचं देणं

दळायला बसण्याआधी घरातल्या बाईनं धान्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची. साठलेलं धान्य गावातून गोळा व्हायचं आणि वसतिगृहात शिकणाऱ्या, घरी खायची भ्रांत असलेल्या मुलांच्या ताटात त्याची भाकरी पडायची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या ‘मुष्टिफंडा’त देणारी बाई स्वतः बहुधा निरक्षर होती, तिच्या घरातही फार काही शिल्लक नसायचं. पण एक मूठ कमी झाल्यानं तिचं घर उपाशी राहत नव्हतं, आणि शंभर घरांची एकेक मूठ जमली की एका वसतिगृहाची चूल पेटत होती.

‘आपलंच भागत नाही, दुसऱ्याला काय देणार?’ हा प्रश्न आपण सगळेच कधी ना कधी विचारतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी त्याचं उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळ कृतीतून दिलं आहे. इथल्या मोठ्या कामांच्या पायाशी लहान माणसांचं लहान देणं आहे.

रयतेची मूठ

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला झाला. पुढे ओगले काच कारखाना आणि किर्लोस्कर या उद्योगांच्या मालाची विक्री करत ते खेडोपाडी हिंडले. शाळेपासून दूर राहिलेली मुलं त्यांना या फिरतीत गावोगाव दिसली. सांगली जिल्ह्यातल्या दूधगावच्या वसतिगृहात त्यांचा सहभाग होता. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 मध्ये संस्थेचं काम साताऱ्याला आलं आणि तिथं सर्व जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवणारं वसतिगृह सुरू झालं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण झालं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. अखेरीस मंगळसूत्रही दिलं.

लक्ष्मीबाईंचा त्याग प्रत्येकाच्या आवाक्यातला नाही. मूठभर धान्य मात्र प्रत्येकाच्या आवाक्यातलं होतं, आणि म्हणूनच ही योजना टिकली. एखाद्या सावकारानं एकदाच शंभर पोती दिली असती, तर मुलं त्याची आश्रित झाली असती. मुठीनं गाव त्या मुलांचा पालक झाला. शाळा बांधायची वेळ आली तेव्हा तीच माणसं दगड-माती वाहायला आली, कारण त्या शाळेत त्यांचा वाटा आधीच होता.

घेणाऱ्याच्या बाजूनंही भाऊरावांनी तितकाच विचार केला. वसतिगृहातली मुलं स्वयंपाक करत, शेतात राबत, बांधकामाला हात लावत. ‘कमवा आणि शिका’ या योजनेमुळे कुणाच्या उपकाराचं ओझं मनावर घेऊन कुणी शिकलं नाही. आज रयतच्या शेकडो माध्यमिक शाळा आणि चाळीसहून अधिक महाविद्यालयं आहेत. वटवृक्ष हे तिचं बोधचिन्ह आहे. देणं नियमित असावं आणि घेणाऱ्याची मान ताठ राहावी, हे दोन नियम या संस्थेच्या मुळाशी आहेत. पुढची सगळी उदाहरणं याच दोन नियमांवर तपासून पाहावीत, असं मला वाटतं.

घामाचं दान

ज्याच्याकडे धान्यही नाही, त्याच्याकडे अंगमेहनत असते. इर्जिक ही आपल्याकडची जुनी चाल. एखाद्याची नांगरट किंवा पेरणी मागे पडली, घरात आजारपण आलं, बैल गेला, की गावकरी आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरत आणि एका दिवसात काम उरकून देत. मालकानं सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच त्याचा मोबदला. सावडीनं काम करणारी कुटुंबंही अशीच, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. इथं मदत घेणारा उद्याचा मदत देणारा असतो, त्यामुळे कुणी लहान ठरत नाही.

या परंपरेला आधुनिक रूप मिळालं ते सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि दुष्काळानं गांजलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. बाहेरचे ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते. गावकऱ्यांनी ती वाळू मर्यादित प्रमाणात स्वतः विकून धरणासाठी पैसा उभा करण्याचा हक्क मागितला, झगडून मिळवला आणि बलवडी-तांदूळवाडीचं बळीराजा स्मृती धरण बांधलं. गावकऱ्यांसोबत बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांनीही तिथं श्रमदान केलं. पाण्याचा हक्क समान असावा, भूमिहीनालाही त्याचा वाटा मिळावा, ही त्यामागची भूमिका होती.

पुढे 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली. त्यांतला एक साताऱ्यातला कोरेगाव. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात 45 दिवस गावांनी समतल चर खोदले, बांधबंदिस्ती केली, आणि पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पटकावला. 2018 मध्ये स्पर्धा 75 तालुक्यांत गेली, तेव्हा पहिलं आलं माण तालुक्यातलं टाकेवाडी. डोंगरावर खोदलेल्या चरात मुरलेलं पाणी कुणाच्या विहिरीत उतरेल हे खोदणाऱ्याला ठाऊक नसतं. बिनजमिनीच्या माणसानंही तिथं टिकाव चालवला, हे त्या श्रमदानाचं मोठेपण.

जागा, वेळ आणि कला

महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार पूर्वी स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जायचं. 4 मे 2017 रोजी ते पुस्तकांचं गाव झालं. राज्य सरकारनं पुस्तकं आणि कपाटं दिली, गावकऱ्यांनी घरं दिली. पंचवीस ठिकाणी, बरीचशी राहत्या घरांत, सुमारे पंधरा हजार पुस्तकं मांडली गेली. आपल्या ओसरीवर अनोळखी माणूस तासन्‌तास वाचत बसणार, हे आनंदानं मान्य करणं ही छोटी गोष्ट नाही. आपल्या खोलीत कविता ठेवायची की चरित्रं, याचा विचार या शेतकरी घरांनी केला.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 पासून तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि मुलं अभ्यासाला बसतात. कोरोनाच्या काळात मुलांच्या हातात आलेला मोबाइल सुटेना, म्हणून गावानं हा तोडगा काढला. मोठ्यांनी आपली मालिका सोडायची, ही त्यातली खरी देणगी. यात एक रुपयाही खर्च नाही, पण रोज द्यावं लागतं.

साताऱ्याशी जोडलेला आणखी एक प्रयोग आवर्जून सांगावा असा आहे. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव आणि साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. नामवंत कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगावी केले आणि त्यातून जमलेल्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. समाजासाठी जे घरदार विसरून झटतात, त्यांच्या घरची चूल आपण सांभाळायची, असा तो विचार. नाटकाचं तिकीट काढणारा साधा प्रेक्षकही त्यात सामील झाला.

पुरानं शिकवलेलं

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि माणसं बुडाली. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून भाकरी, पाणी, औषधं, जनावरांसाठी चारा सांगलीकडे निघाला. पावसाची वाट पाहणाऱ्या दुष्काळी भागांनीही हात आखडला नाही. मिळालेल्या मदतीनं लोक सावरले, 2021 मध्ये पुन्हा पुराला सामोरे गेले.

अशा वेळी मन भरून येतं आणि हाताला लागेल ते आपण गाडीत भरतो. पण प्रत्येक मोठ्या आपत्तीत जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहतात आणि नेमकी गरजेची वस्तू कमी पडते. म्हणून आधी त्या गावातल्या माणसाला विचारावं. पहिल्या दोन-तीन दिवसांत शिजवलेलं अन्न आणि पिण्याचं पाणी लागतं. पूर ओसरल्यावर खराटे, फावडी, जंतुनाशकं, अंथरूण-पांघरूण, नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, वह्या-पुस्तकं लागतात. महिन्याभरानं बियाणं, दुकानाचं भांडवल, भिजलेल्या कागदपत्रांच्या नकला काढायला मदत लागते. तोवर छायाचित्रं काढणारे निघून गेलेले असतात. खरी सोबत तेव्हा हवी असते. चिखल उपसायला चार दिवस जाणारा तरुण आणि सहा महिन्यांनी एखाद्या मुलाची फी भरणारा नोकरदार, दोघांचं देणं मोलाचं आहे.

रस्त्यावर पडलेला माणूस

सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. 1897 मध्ये पुण्यात प्लेगनं थैमान घातलं, तेव्हा एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात पोचल्या. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्चला त्यांचं निधन झालं. आपल्याला एवढी परीक्षा द्यावी लागत नाही. पण पुणे-बेंगळुरू महामार्ग साताऱ्यातून, कराडमधून जातो, आणि खंबाटकीच्या घाटात किंवा एखाद्या गावाच्या फाट्यावर अपघात झाला की गर्दी जमते, पुढे मात्र कुणी येत नाही. पोलिसांच्या चौकशीची, कोर्टाच्या खेट्यांची भीती असते.

ही भीती आता बाळगायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलं. सद्भावनेनं जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि कोणत्याही आणीबाणीसाठी 112 हे क्रमांक आहेत. जखमीला उगाच उचलून न हलवणं, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणं, मागून येणारी वाहनं थांबवणं, एवढं तर कुणालाही जमतं.

रक्तदानाचंही तसंच. 18 ते 65 वयाचा, किमान 45 किलो वजनाचा, निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की शिबिरं थांबतात आणि रक्तपेढ्यांमध्ये टंचाई होते. म्हणून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दिलेल्या बाटलीची किंमत जास्त. वाढदिवसाला रक्तपेढीत जायची सवय लावून घेतली, तर वर्षातून एकदा तरी आपली मूठ नक्की पडते.

शिवारात आलेले पाहुणे

आता दिवाळीच्या दिवसांविषयी. आपल्या घरी आकाशकंदील लागतात, त्याच सुमारास बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या साताऱ्या-सांगलीच्या कारखान्यांच्या परिसरात पोचू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणारी. गावाबाहेर माळावर त्यांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. तिथं नळ नसतो, संडास नसतो, दिवाही बहुधा नसतो. पहाटेच्या थंडीत बाई फडात जाते, तान्हं मूल बांधावर झोळीत. आपल्या जिल्ह्यांची साखर या माणसांच्या हातांनी तयार होते आणि आपण त्यांना नावानंही ओळखत नाही.

इथं करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बहुतेक फुकट आहे. कोपीवरच्या मुलाला गावातल्या जिल्हा परिषद शाळेत नेऊन बसवता येतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्येच आला किंवा दाखला आणला नाही म्हणून शाळेला त्याला नाकारता येत नाही. हे पालकांना माहीत नसतं, आपल्याला असायला हवं. वस्तीवरचा नळ किंवा बोअरचं पाणी त्यांना मोकळं करता येतं. बायकांना आंघोळीसाठी आडोसा करून देता येतो. गरोदर बाईची गाठ गावातल्या आशाताईशी घालून देता येते. लसीकरणाच्या दिवशी त्यांना आठवणीनं बोलावता येतं. रात्री रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाडीला आणि ट्रॉलीला मागून चमकणारी पट्टी लावून देता येते. तिची किंमत मामुली असते, पण अंधारात तीच एक जीव वाचवते.

हे करताना मुष्टिफंडाचे दोन्ही नियम पाळायचे. एक दिवस फराळाची पाकिटं वाटून छायाचित्र काढलं आणि नंतर पाच महिने तिकडे फिरकलो नाही, तर ते देणं अर्धवट राहिलं. फराळ जरूर न्यावा, पण त्यांच्यासोबत बसून खावा. त्यांची नावं विचारावीत, गाव विचारावं. त्यांच्याकडची बाजरीची भाकरी त्यांनी पुढे केली तर ती नाकारू नये. देण्याचा हक्क त्यांनाही आहे.

एका गल्लीनं, एका तरुण मंडळानं, एका महिला बचत गटानं एवढंच ठरवावं: आपल्या गावच्या शिवारात यंदा उतरलेल्या टोळ्यांतली शाळेच्या वयाची सगळी मुलं हंगाम संपेपर्यंत शाळेत जातील. कोणत्या मुलाला कोण सोडणार, वह्या कोण देणार, संध्याकाळी तासभर कोण बसणार, हे भाऊबीजेच्या दिवशी कागदावर नावानिशी लिहावं. या कामाला देणगीदार लागत नाही, सरकारी आदेश लागत नाही. रयतेच्या शाळांत शिकून मोठ्या झालेल्या पिढ्या इथल्या प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणाच्या तरी आजीनं मूठ काढून ठेवली होती. आता ती काढायची पाळी आपली आहे.